खंदकयुद्धातील सुऱ्यांचा संग्रह : दुर्मिळता, सत्यता आणि पुराव्याचे मूल्य

सारांश : पहिल्या महायुद्धात खंदकातील हातघाईच्या लढाईसाठी वापरले गेलेले सुरे आज जगभर संग्राह्य वस्तू मानले जातात. प्रस्तुत लेखात या सुऱ्यांची उत्पत्ती, प्रमुख प्रकार, त्यांच्या दुर्मिळतेची कारणे आणि सत्यता-परीक्षणाची साधने यांचे विवेचन केले आहे. असा सुरा हा ऐतिहासिक पुरावा असून त्याच्या पुराव्याचे जतन हेच संग्राहकाचे मुख्य कर्तव्य ठरते, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजशब्द : खंदकयुद्ध, सुरा, पहिले महायुद्ध, संग्रहविद्या, सत्यता-परीक्षण, मालकी-परंपरा.

१. प्रस्तावना

पहिल्या महायुद्धाचा (१९१४-१९१८) विचार करताना तोफा, यंत्रबंदुका, विषारी वायू आणि रणगाडे या साधनांचा उल्लेख प्रामुख्याने होतो. हे युद्ध यंत्रयुगाचे युद्ध होते, हे खरेच आहे. तथापि याच युद्धात सुरा, सोटा आणि गदा यांसारखी आदिम शस्त्रे पुन्हा सैनिकाच्या हाती आली, ही बाब तितकीच लक्षणीय आहे. इंग्रजीत 'ट्रेंच नाइफ' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या खंदकातील सुऱ्याचा जन्म या विसंगतीतून झाला.

युद्ध संपल्यानंतर हे सुरे सैनिकांच्या घरी गेले, काही भंगारात गेले, काही जमिनीत गाडले गेले. जे उरले ते पुढे संग्राहकांच्या हाती आले. मागणी वाढली तशी किंमत वाढली आणि किमतीपाठोपाठ बनावट वस्तूंचाही सुळसुळाट झाला. त्यामुळे आज या क्षेत्रात पहिला प्रश्न 'सुरा किती दुर्मिळ आहे' हा नसून 'तो खरा आहे हे कशावरून' हा आहे. या प्रश्नाचे उत्तर शोधण्याच्या पद्धतीचा परिचय करून देणे हे प्रस्तुत लेखाचे उद्दिष्ट आहे.

२. खंदकयुद्ध आणि सुऱ्याची गरज

१९१४ च्या अखेरीस बेल्जियमच्या सागरकिनाऱ्यापासून स्वित्झर्लंडच्या सीमेपर्यंत सुमारे ७०० किलोमीटर लांबीची खंदकांची रेषा तयार झाली. एका टोकाकडून होणारा मारा किंवा एका ठिकाणी फुटलेला गोळा संपूर्ण खंदकाला घातक ठरू नये म्हणून हे खंदक नागमोडी खणले जात. परिणामी खंदकात उतरलेल्या सैनिकाला पुढचे काही मीटरच दिसत, आणि वळणापलीकडे शत्रू समोरासमोर उभा ठाकण्याची शक्यता असे.

अशा अरुंद जागेत संगीन लावलेली रायफल अडचणीची ठरे. ब्रिटिश सैनिकाच्या ली-एनफील्ड रायफलीची लांबी सुमारे ११३ सेंटिमीटर होती आणि १९०७ च्या नमुन्याच्या संगिनीचे पाते सुमारे ४३ सेंटिमीटर होते. फ्रेंच सैनिकाची लेबेल रायफल संगिनीसह सुमारे १८० सेंटिमीटर, म्हणजे माणसाच्या उंचीहून अधिक लांब होई. उघड्या मैदानावर घोडदळाला रोखण्यासाठी जी लांबी उपयुक्त ठरली असती, तीच खंदकात निरुपयोगी झाली.

रात्रीच्या छाप्यांमुळे ही अडचण अधिक तीव्र झाली. शत्रूच्या खंदकात गुपचूप शिरायचे, पहारेकऱ्याला आवाज न करता गाठायचे, कैदी किंवा कागदपत्रे मिळवायची आणि परत फिरायचे, असे या छाप्यांचे स्वरूप असे. भारतीय सैन्यातील ३९ व्या गढवाल रायफल्सने ९-१० नोव्हेंबर १९१४ च्या रात्री घातलेला छापा हा पश्चिम आघाडीवरील सुरुवातीच्या छाप्यांपैकी एक होय. अशा कामी गोळी झाडणे म्हणजे सर्वांना जागे करणे होते. गुरखा सैनिकाजवळ त्याची परंपरागत खुकरी होतीच. इतर सैन्यांतील सैनिकांना मात्र असे आखूड शस्त्र स्वतः घडवावे लागले.

३. प्रमुख प्रकार

३.१ फ्रान्स : फ्रेंच सैन्यातील सर्वांत साधा प्रकार 'फ्रेंच खिळा' या अर्थाच्या नावाने ओळखला जातो. काटेरी तारेच्या कुंपणासाठी वापरला जाणारा लोखंडी खुंट तापवून त्याचे एक टोक अणकुचीदार करावयाचे आणि दुसरे टोक वाकवून त्याची मूठ बनवावयाची, अशी त्याची घडण होती. जुन्या संगिनी कापूनही सुरे बनविले जात. पुढे सैन्याने अधिकृत नमुने स्वीकारले आणि सुरी-कात्रीच्या धंद्यासाठी प्रसिद्ध असलेल्या थिएर या गावात त्यांचे उत्पादन झाले. काही फ्रेंच खंजिरांच्या पात्यांवर '१८७० चा सूड घेणारा' या अर्थाचे शब्द आढळतात. १८७०-७१ च्या युद्धात प्रशियाकडून झालेल्या पराभवाची सल चार दशकांनंतरही किती ताजी होती, हे पात्यावरील या मोजक्या शब्दांवरून दिसते.

३.२ जर्मनी : जर्मन सैन्यातील हातघाईच्या सुऱ्याचे पाते साधारणतः १५ सेंटिमीटर लांबीचे असून लाकडी मुठीवर पकड घट्ट बसावी म्हणून तिरप्या खाचा असत. झोलिंगन शहरातील कारखान्यांनी यांपैकी अनेक सुरे तयार केले. अधिकृत तपासणीतून गेलेल्या सुऱ्यावर मुकुट आणि त्याखाली अक्षर असा ठसा आढळतो.

३.३ ब्रिटन : ब्रिटिश सैन्याने पहिल्या महायुद्धात सर्व सैनिकांसाठी एकच प्रमाणित सुरा पुरविला नाही. अधिकारी व सैनिक खासगीरीत्या सुरे विकत घेत. डडली येथील रॉबिन्स या धातुकाम करणाऱ्या व्यवसायसंस्थेने बनविलेले सुरे आज विशेष प्रसिद्ध आहेत. त्यांतील एका प्रकारात अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूची मूठ तळहातात बसते आणि पाते बोटांच्या मधून पुढे येते. मनगट न वळवता ठोसा मारावा तसा तो खुपसता येतो. मराठी वाचकाला ही पकड अपरिचित वाटणार नाही. आडव्या मुठीची कट्यार याच तत्त्वावर चालते. हे साम्य उपयोगातून आलेले आहे. त्यावरून एकाचा उगम दुसऱ्यात शोधणे योग्य होणार नाही.

३.४ अमेरिका : १९१७ मध्ये युद्धात उतरलेल्या अमेरिकेने त्याच वर्षी तीन धारांचे निमुळते पाते असलेला सुरा स्वीकारला. 'एम १९१७' या नावाने तो ओळखला जातो. तो केवळ भोसकण्यास उपयोगी होता, कापण्यास नव्हे. शिवाय त्याचे पाते सहज मोडते अशी तक्रार होती. १९१८ मध्ये झालेल्या तुलनात्मक चाचण्यांनंतर 'एम १९१८ मार्क १' हा नवा नमुना निश्चित झाला. त्याला फ्रेंच धर्तीचे सुमारे १७ सेंटिमीटर लांबीचे दुधारी पाते, चार बोटांसाठी चार कडी असलेली ओतीव ब्राँझची मूठ आणि मुठीच्या टोकाला टोकदार नट होता. 'लँडर्स, फ्रॅरी अँड क्लार्क' या अमेरिकन कारखान्याच्या आद्याक्षरांचे आणि सिंहाचे चिन्ह असलेले फ्रेंच बनावटीचे असे या सुऱ्याचे दोन प्रकार संग्राहकांत परिचित आहेत.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने १९४३ मध्ये 'एम ३' हा सुरा स्वीकारला. ब्राँझची ओतीव मूठ वगळून चामड्याच्या चकत्यांची मूठ बसविल्याने तो स्वस्त व जलद तयार होऊ लागला. १९४४ पर्यंत असे सुमारे २५ लाख ९० हजार सुरे तयार झाले.

४. दुर्मिळतेचे स्वरूप

'दुर्मिळ' हा शब्द संग्राहकांच्या व्यवहारात सैलपणे वापरला जातो. वस्तुतः या सुऱ्यांच्या बाबतीत दुर्मिळतेचे किमान तीन प्रकार वेगळे करणे आवश्यक आहे.

पहिला प्रकार उत्पादनातील दुर्मिळतेचा होय. अमेरिकेत तयार झालेले 'मार्क १' सुरे ११ नोव्हेंबर १९१८ च्या युद्धविरामापूर्वी आघाडीवर फारसे पोचू शकले नाहीत आणि युद्ध संपताच मोठ्या मागण्या रद्द झाल्या.

दुसरा प्रकार टिकून राहण्यातील दुर्मिळतेचा होय. 'फ्रेंच खिळा' त्या काळी सामान्य होता; परंतु युद्धानंतर तो जपून ठेवावा असे कोणाला वाटले नाही. लोखंडाचा वाकडा तुकडा म्हणून तो टाकला गेला. जे सामान्य होते तेच आज विरळ झाले.

तिसरा प्रकार तपशिलातील दुर्मिळतेचा होय. 'एम ३' सुरा लाखोंच्या संख्येने तयार झाला. म्हणून तो सर्वसाधारणपणे दुर्मिळ नाही. तथापि सुरुवातीच्या काही सुऱ्यांच्या पात्यावर कारखान्याचे नाव आणि १९४३ हे वर्ष कोरलेले होते. पुढे वर्ष वगळले गेले आणि त्यानंतर ठसा पात्यावरून मुठीजवळच्या आडपट्टीवर गेला. त्यामुळे वर्षांकित पात्याचा सुरा अधिक मागणीचा ठरतो. येथे संपूर्ण मूल्य एका ओळीच्या कोरीव मजकुरावर अवलंबून असते आणि नेमकी तीच ओळ खोटी कोरणे सर्वांत सोपे असते.

यातून एक महत्त्वाची अडचण पुढे येते. ज्या सुऱ्यावर ठसे आहेत त्याचे परीक्षण करता येते, पण ठशांची नक्कलही करता येते. ज्या सुऱ्यावर ठसाच नाही, तो सैनिकाने स्वहस्ते घडविलेला असल्यास इतिहासदृष्ट्या अधिक मोलाचा. परंतु तो खंदकात घडला की मागील वर्षी एखाद्या कार्यशाळेत, हे सांगणारे चिन्ह त्याच्यावर नसते. म्हणजे सर्वांत मोलाची वस्तूच सर्वांत कमी बोलकी असते.

५. सत्यता-परीक्षणाची साधने

सत्यता-परीक्षणात कोणतीही एक कसोटी निर्णायक नसते. अनेक कसोट्यांचे निष्कर्ष परस्परांशी जुळतात की नाही, हे पाहावे लागते.

अ) घडण : 'मार्क १' च्या ओतीव मुठीची नक्कल अनेकदा अस्सल मुठीचा साचा घेऊन केली जाते. ओतलेला धातू थंड होताना आकुंचन पावतो. त्यामुळे अशी नक्कल मूळ मुठीपेक्षा किंचित लहान भरते आणि तिच्यावरील अक्षरांच्या कडा बोथट होतात. म्हणून प्रमाणित अस्सल नमुन्यांची मापे जवळ बाळगणे आणि मोजपट्टीने तुलना करणे ही प्राथमिक पण परिणामकारक पद्धत आहे.

आ) द्रव्य : शेफील्ड येथे हॅरी ब्रिअर्ली यांनी गंजरोधक पोलादाचा शोध १९१३ मध्ये लावला, खंदकातील सुरे मात्र साध्या कार्बनी पोलादाचे होते. पात्यात क्रोमियमचे प्रमाण गंजरोधक पोलादाइतके आढळल्यास १९१६ चा दावा टिकणे कठीण होते. क्ष-किरण प्रतिदीप्ती पद्धतीने वस्तूला इजा न करता धातूचे घटक तपासता येतात. फुलीच्या खाचेचे स्क्रू १९३० च्या दशकात प्रचारात आले. पहिल्या महायुद्धातील म्हणून सांगितलेल्या सुऱ्यात ते असतील, तर निदान तो भाग नंतरचा असला पाहिजे. म्यानाच्या शिवणीचा धागा अतिनील प्रकाशात निळसर चमकल्यास त्यात आधुनिक शुभ्रताकारक रसायन असण्याची शक्यता असते. अशा रसायनांचा सर्रास वापर दुसऱ्या महायुद्धानंतरचा आहे.

इ) झीज : खऱ्या वापरातील झीज तर्कसंगत असते. तळहात जिथे टेकतो तिथे मूठ गुळगुळीत होते, म्यानात घासणाऱ्या भागावर पात्याला ओरखडे पडतात, वारंवार धार लावल्याने पाते अरुंद होते. आम्ल लावून आणलेला गंज सर्वत्र सारखा पसरतो. ज्या कोपऱ्यात ओल साचण्याचे कारण नाही तिथेही तो दिसतो. मूठ जुनाट आणि तिच्या आतील पात्याचा दांडा स्वच्छ असल्यास त्याचे स्पष्टीकरण मागितले पाहिजे.

ई) म्यान : सुरा व म्यान यांची जोडी मूळची असणे नेहमीच गृहीत धरता येत नाही. 'मार्क १' चे म्यान धातूचे असून त्याला पट्ट्यात अडकविण्यासाठी आकडे असतात. अस्सल म्यान स्वतंत्रपणेही विकले जाते. म्हणून खऱ्या म्यानात खोटा सुरा घालून विश्वास संपादन करण्याचा मार्ग मोकळा राहतो.

६. कथा आणि पुरावा

संग्रहाच्या व्यवहारात वस्तूबरोबर बहुधा एक कथा येते. आजोबांनी हा सुरा सोम किंवा व्हर्दंच्या रणभूमीवरून आणला, असे सांगितले जाते. अशी कथा खोटीच असते असे नाही. परंतु ती पुरावा म्हणून स्वीकारण्यापूर्वी तपासली पाहिजे.

उदाहरणार्थ, '१९१८' असा ठसा असलेला अस्सल 'मार्क १' सुरा समोर आहे असे मानू. तो पहिल्या महायुद्धात लढलेल्या सैनिकाचा होता असा दावा आहे. ठसा खरा आहे, सुरा खरा आहे. तरीही दावा सिद्ध होत नाही. कारण युद्धविरामानंतर गोदामात पडून राहिलेले हे सुरे दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या रेंजर आणि हवाई छत्रीधारी दलांतील सैनिकांना देण्यात आले. हाच सुरा १९१८ मध्ये फ्रान्सला गेला असण्यापेक्षा १९४४ मध्ये गेला असण्याचा संभव अधिक आहे. ठसा वस्तू केव्हा घडली ते सांगतो. ती कुठे गेली, कोणाच्या हाती होती, हे सांगत नाही.

हीच सावधगिरी आपल्याकडील दाव्यांबाबतही हवी. भारतीय सैन्याच्या लाहोर व मेरठ या पायदळ डिव्हिजन १९१४ पासून १९१५ च्या अखेरपर्यंत पश्चिम आघाडीवर होत्या. मराठा पायदळ पलटणी मात्र प्रामुख्याने मेसोपोटेमियाच्या मोहिमेत लढल्या. त्यामुळे फ्रेंच खंदकातील सुरा एखाद्या मराठा पलटणीच्या शिपायाशी जोडला जात असेल, तर त्या शिपायाची पलटण, क्रमांक आणि सेवेचे ठिकाण यांचा कागदोपत्री आधार मागणे आवश्यक ठरते.

मुठीवर कोरलेले नाव किंवा सैनिक-क्रमांक हा अशा वेळी मोलाचा दुवा असतो. मात्र अभिलेखांच्या मर्यादाही लक्षात घ्याव्या लागतात. सप्टेंबर १९४० मधील बाँबहल्ल्यात लंडन येथील अभिलेखागाराला लागलेल्या आगीत पहिल्या महायुद्धातील ब्रिटिश सैनिकांच्या सेवानोंदींपैकी सुमारे ६० टक्के नोंदी नष्ट झाल्या. अमेरिकेत सेंट लुइस येथील १९७३ च्या आगीतही लक्षावधी लष्करी नोंदी जळाल्या. ज्या सैनिकाची नोंद जळाली त्याच्यापुरते मुठीवरील चार अक्षरांचे ओरखडे हाच त्याच्या सेवेचा शेवटचा मागमूस असू शकतो. ते खरे असतील तर पुसले जाऊ नयेत आणि खोटे असतील तर खरे म्हणून नोंदले जाऊ नयेत, या दोन्ही बाबी सारख्याच महत्त्वाच्या आहेत. खोट्या नावाने एक मेलेला माणूस जिथे कधी नव्हता तिथे उभा केला जातो.

म्हणून संग्राहकाने प्रत्येक वस्तूची नोंदवही ठेवावी. वस्तू कोणाकडून, केव्हा, कोणत्या शब्दांत दिलेल्या माहितीसह मिळाली. कोणते भाग तपासले. कोणत्या शंका शिल्लक आहेत, हे त्यात असावे. ऐकीव माहिती आणि स्वतः पडताळलेली माहिती वेगवेगळ्या रकान्यांत लिहिल्यास पुढील मालकाची दिशाभूल होत नाही.

७. जतन

नवशिक्या संग्राहकाच्या हातून होणारी सर्वांत मोठी चूक म्हणजे सफाई. ब्राँझची मूठ घासून चकचकीत केली की तिच्यावर शतकभरात साचलेला काळसर थर जातो. त्याबरोबर पुसट ठसे, मूळ रंगाचे अवशेष आणि ओरखड्यांचे वयही जाते. पाते नव्याने धारेस लावणे म्हणजे तर मूळ कडच नष्ट करणे होय. वाढता तांबूस गंज थांबवणे आवश्यक असते, परंतु स्थिर झालेला काळपट थर काढण्याचे कारण नसते.

सुरा चामड्याच्या म्यानात दीर्घकाळ ठेवू नये. चामडे ओल धरून ठेवते आणि त्यातील कमावणीची द्रव्ये धातूला बाधतात. दोन्ही वस्तू जवळजवळ पण स्वतंत्र ठेवाव्यात. कोकण किंवा मुंबईसारख्या दमट हवेच्या प्रदेशात पावसाळ्याच्या चार महिन्यांत ओल शोषणारी द्रव्ये बदलणे आणि पात्यावर रासायनिकदृष्ट्या निष्क्रिय मेणाचा पातळ थर देणे हितावह ठरते. वस्तू सुती हातमोजे घालून हाताळावी, कारण घामातील क्षार पात्यावर बोटांचे ठसे गंजाच्या रूपाने उमटवतात.

८. कायदेशीर बाजू

कालनिश्चितीचा प्रश्न केवळ अभ्यासाचा नाही, तो कायद्याचाही आहे. ब्रिटनमध्ये १९८८ च्या आदेशान्वये बोटांत घालावयाची धातूची कडी, मुठीतून खुपसावयाचे खंजीर इत्यादी शस्त्रांच्या विक्रीवर बंदी आली आणि २०१९ च्या कायद्यातील तरतुदींनुसार जुलै २०२१ पासून ती खासगी जागेत बाळगणेही गुन्हा ठरले. शंभर वर्षांहून जुन्या शस्त्रांना मात्र यातून सूट आहे. म्हणजे १९१८ ची अस्सल मूठ पुराणवस्तू ठरते आणि तिचीच हुबेहूब नक्कल निषिद्ध शस्त्र ठरते. खऱ्या-खोट्याचा निवाडा येथे थेट गुन्ह्याशी जोडला जातो. फ्रान्समध्ये १९८९ च्या कायद्यानुसार ऐतिहासिक वस्तूंच्या शोधासाठी धातुशोधक यंत्र वापरण्यास शासकीय परवानगी लागते. त्यामुळे जमिनीतून काढलेल्या सुऱ्याचा उगम विचारणे क्रमप्राप्त ठरते.

भारतात १९५९ चा शस्त्र अधिनियम आणि २०१६ चे शस्त्र नियम विचारात घ्यावे लागतात. नियमांतील वर्गवारीत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याच्या धारदार शस्त्रांचा समावेश असून अधिसूचित क्षेत्रांत त्यांसाठी परवाना आवश्यक ठरतो. तसेच १९७२ च्या पुरावशेष व बहुमूल्य कलाकृती अधिनियमानुसार शंभर वर्षांहून जुन्या पुरावशेषांच्या निर्यातीवर निर्बंध आहेत. म्हणून खरेदी अथवा आयात करण्यापूर्वी स्थानिक पोलीस व सीमाशुल्क अधिकाऱ्यांकडे विचारणा करणे इष्ट होय.

९. निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष हाती येतात. खंदकातील सुरा हा यंत्रयुद्धाच्या पोटात निर्माण झालेल्या एका अत्यंत मानवी आणि तितक्याच क्रूर गरजेचा पुरावा आहे. त्याची दुर्मिळता उत्पादन, टिकाव आणि तपशील अशा निरनिराळ्या कारणांनी निर्माण होते आणि त्यांपैकी कोणती लागू होते हे प्रत्येक सुऱ्याबाबत स्वतंत्रपणे ठरवावे लागते. ठसा, द्रव्य, झीज आणि मालकी-परंपरा यांची परस्परसंगती हीच सत्यतेची विश्वसनीय कसोटी आहे.

पॅरिसचे लष्करी संग्रहालय, लंडनचे इम्पीरियल वॉर म्युझियम आणि पेरोन येथील महायुद्धविषयक संग्रहालय यांसारख्या संस्थांत या युद्धाच्या वस्तू जतन केल्या आहेत. परंतु असंख्य वस्तू आजही खासगी व्यक्तींच्या कपाटांत आहेत. त्यांचा इतिहास टिकणे वा पुसला जाणे हे त्या व्यक्तींच्या शिस्तीवर अवलंबून आहे. ज्यांच्या हाती हे सुरे होते त्यांच्यापैकी आता कोणीही साक्ष देण्यास हयात नाही. अशा वेळी शंका असल्यास ती प्रामाणिकपणे नोंदवून ठेवणारा संग्राहक इतिहासाची जी सेवा करतो, ती महागड्या सुऱ्याची खरेदी करून होणारी नाही.